पौलाच्या पत्रांत पौलाआधीच्या ओळी : नव्या करारातली स्तोत्रं आणि कबुल्या

रेघोटी (धागा)

पौल हा पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रेषित; त्याची पत्रं नव्या करारात आहेत. त्यांत त्याच्याआधीच मंडळीत म्हटल्या जाणाऱ्या काही ओळी, म्हणजे स्तोत्रं आणि कबुल्या (श्रद्धा थोडक्यात सांगणारी सूत्रं), दिसतात. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय उघडा. तिसऱ्या वचनात पौल सांगतो, मला जे मिळालं तेच मी तुमच्या हवाली केलं. मग चार तुकडे येतात आणि मूळ ग्रीकमध्ये प्रत्येकाच्या तोंडाशी 'की' आहे. की ख्रिस्त शास्त्राप्रमाणे आमच्या पापांसाठी मेला. की तो पुरला गेला. की तो शास्त्राप्रमाणे तिसऱ्या दिवशी उठवला गेला. की तो केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, मग बारा जणांना, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांना.

एकदा मोठ्यानं म्हणून बघा. पाठांतरासाठी बांधलेली वाक्यं आहेत ही. पौलाची नेहमीची भाषा अशी नाही. त्याचं वाक्य सुरू होतं, मध्येच फाटा फुटतो, कधी कधी परत जागेवर येतही नाही. शिवाय 'शास्त्राप्रमाणे' हा शब्दप्रयोग त्याच्या पत्रांत दुसरीकडे सापडत नाही. तो 'असं लिहिलं आहे' म्हणतो. 'बारा जण' त्याच्याकडे फक्त इथेच येतात. 'पाप' तो बहुधा एकवचनात वापरतो, एखाद्या सत्तेसारखं. इथे अनेकवचन आहे.

'मिळालं' आणि 'हवाली केलं' ही जोडीही सहज आलेली नाही. अकराव्या अध्यायात प्रभुभोजनाची हकिकत सांगताना त्यानं हेच दोन शब्द वापरले आहेत. गुरूकडून शिष्याकडे शिकवण जाते त्यासाठी ज्यू परंपरेतही अशीच जोडी होती. मिश्ना या जुन्या ज्यू ग्रंथाच्या 'आवोत' या भागाची सुरुवातच अशी आहे की मोशेला सीनायवर तोरा मिळाली आणि त्यानं ती यहोशवाच्या हवाली केली.

आता तारखा. गॅलियो हा अखया प्रांताचा सुभेदार कधी होता ते डेल्फीच्या शिलालेखावरून ठरतं, साधारण इ.स. ५१-५२. प्रेषितांच्या कृत्यांत पौलाला त्याच्यापुढे उभं केल्याची नोंद आहे. म्हणजे पौल करिंथमध्ये ५०-५१च्या सुमारास होता. हे पत्र त्यानंतर तीनचार वर्षांचं, इफिसहून लिहिलेलं. आणि पत्रात तो म्हणतोय की हे मी तुम्हाला आधीच दिलं होतं. त्याला स्वतःला ते मिळालं त्याहून आधी. कुठे मिळालं? गलतीकरांस पत्रात तो सांगतो की दिमिष्कातल्या हाकेनंतर, म्हणजे तो ख्रिस्ताकडे वळल्यावर, तीन वर्षांनी तो यरुशलेमला गेला, केफाकडे पंधरा दिवस राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला. करिंथच्या यादीत नेमकी हीच दोन माणसं नावानिशी आहेत. बहुतेक अभ्यासक इथूनच धागा जुळवतात. चारही शुभवर्तमानं लिहिली जाण्याआधीचा हा मजकूर आहे, यावर फारसा वाद नाही.

आता दुसरं उदाहरण, आणि माझ्या मते सगळ्यात देखणं. फिलिप्पैकरांस पत्र, दुसरा अध्याय, ६ ते ११. खालचं मराठी माझं आहे, छापील बायबलमधलं नाही :

देवाच्या रूपात असूनही
देवाशी बरोबरी त्यानं लुटीसारखी कवटाळली नाही;
स्वतःला रितं केलं,
दासाचं रूप घेतलं,
माणसांसारखा झाला.
माणूस म्हणून दिसला,
स्वतःला नमवलं,
मरणापर्यंत आज्ञेत राहिला,
तेही वधस्तंभावरच्या मरणापर्यंत.
म्हणून देवानं त्याला अत्युच्च केलं,
सगळ्या नावांवरचं नाव दिलं,
की येशूच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकावा,
स्वर्गातला, पृथ्वीवरचा, पृथ्वीखालचा,
आणि प्रत्येक जीभ कबूल करो : येशू ख्रिस्त प्रभू आहे,
देवपित्याच्या गौरवासाठी.

पौल इथे फिलिप्पैच्या मंडळीला समजावतोय की भांडू नका, नम्र राहा. तेवढ्यासाठी पहिला अर्धा भाग पुरे होता. 'म्हणून देवानं त्याला अत्युच्च केलं' पासून पुढचं सगळं त्याच्या मुद्द्याला लागत नाही, तरी तो पूर्ण म्हणतो. एखाद्याला गाणं येत असलं की दोन ओळींवर थांबवत नाही, तसं. उलट पौलाच्या लिखाणात जे हमखास असतं ते इथे गायब आहे : 'आपल्यासाठी' मेला असं कुठेही नाही आणि पुनरुत्थानाचा शब्दही नाही, एकदम उंचावणं.

१९२८ साली एर्न्स्ट लोमायर या जर्मन अभ्यासकानं या उताऱ्याची सहा कडवी पाडली, प्रत्येकी तीन ओळींची. तसं मांडल्यावर एक तुकडा मापाबाहेर उरतो : 'तेही वधस्तंभावरच्या मरणापर्यंत'. त्याचं म्हणणं असं की हा तुकडा पौलानं घातला, कारण वधस्तंभ त्याच्या जिव्हाळ्याचा विषय. नंतर योआखिम येरेमियास यांनी चार ओळींची तीन कडवी पाडली आणि त्यांना आणखी काही तुकडे उपरे ठरवावे लागले. इथेच माझं मत सांगून टाकते : मजकुरातला सांधा दिसतो, तो बऱ्यापैकी पक्का आहे. कडवी मात्र प्रत्येकानं आपापल्या पट्टीनं मोजली आहेत.

(लोमायर यांच्याबद्दल थोडं अवांतर. नाझींना न जुमानणारा माणूस, ज्यू सहकाऱ्यांच्या बाजूनं बोलला म्हणून ब्रेस्लाऊहून ग्राइफ्सवाल्डला पाठवला गेला. युद्ध संपल्यावर तिथला कुलगुरू होणार होता. १९४६च्या फेब्रुवारीत विद्यापीठ पुन्हा उघडायच्या सुमारास सोव्हिएत पोलिसांनी उचललं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गोळ्या घातल्या. घरच्यांना वर्षानुवर्षं काही कळवलं नाही. रशियानं १९९६ साली त्याला निर्दोष ठरवलं.)

असे तुकडे आणखी आहेत. कलस्सै १:१५-२०, तीमथ्याला पहिलं पत्र ३:१६, रोम १:३-४, इफिस ५:१४. मंडळींनी भर घालावी. शंका तर हव्यातच.


मिरजेचा वाचक

लेख आवडला, पण एक मूलभूत शंका. पौलानं स्वतःच ते रचलं नसेल कशावरून? मी ऑफिसचं पत्र एका भाषेत लिहितो आणि बहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं दुसऱ्या भाषेत रचतो. उद्या कोणी दोन्ही शेजारी ठेवून 'लेखक दोन' म्हणालं तर?


रेघोटी

रास्त शंका आहे आणि ती घेणारे तुम्ही एकटे नाही. गॉर्डन फी या अभ्यासकांनी फिलिप्पैच्या उताऱ्याबद्दल हेच म्हटलं : हे स्तोत्रच नाही, पौलाचंच चढत्या सुरातलं गद्य आहे. ग्रीक छंदात हा उतारा बसत नाही हे खरंच. लघुगुरू मोजायला गेलात तर हाती काही लागत नाही. जो ताल आहे तो हिब्रू स्तोत्रांसारखा, एका ओळीला जोड देणारी दुसरी ओळ असा.

म्हणून करिंथ आणि फिलिप्पै यांत मी फरक करते. करिंथमध्ये पौल स्वतः सांगतो की हे मला मिळालेलं आहे. तिथे शैलीवरून ओळखायची गरजच नाही, शैली फक्त दुजोरा देते. फिलिप्पैमध्ये तो तसं सांगत नाही. तिथे आपण खुणांवर चालतो, आणि खुणा दोन्हीकडे वळवता येतात.


पाटीवरचा कीर्तनकार

कीर्तन ऐकणाऱ्याला यात नवल वाटू नये. बुवा निरूपणाच्या ओघात अभंगाचा चरण टाकतात, नाव घेत नाहीत, पण समोरचा वारकरी पुढचा अर्धा चरण स्वतःच म्हणतो. पौलाची पत्रंही मंडळीत मोठ्यानं वाचून दाखवण्यासाठीच होती ना? मग ऐकणाऱ्यांना चरण ओळखू आला असणार.

फक्त आमच्याकडे शेवटी 'तुका म्हणे' असतं. यांची पंचाईत अशी की नाममुद्रा नाही.


पोथीवाचक

नाममुद्रा सोडा, मूळ हस्तलिखितांत दोन शब्दांमध्ये जागासुद्धा नाही. पौलाच्या पत्रांचा सगळ्यात जुना मोठा संग्रह, पपायरस ४६, साधारण इ.स. २००च्या आसपासचा, त्याची पानं डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आणि मिशिगन विद्यापीठात विभागली गेली आहेत. त्यात फिलिप्पै आहे, पण स्तोत्राच्या ओळी वेगळ्या पाडलेल्या नाहीत. सलग मोठी अक्षरं. आज छापील ग्रीक आवृत्तीत हे उतारे कवितेसारखे मांडलेले दिसतात तो संपादकांचा निर्णय आहे. वाचक पान उघडतो, कविता बघतो आणि समजतो की प्रश्न मिटला. छपाईचा हा परिणाम लक्षात ठेवा.

तीमथ्याचं उदाहरण तर याहून मजेचं. पहिलं पत्र ३:१६ : 'भक्तीचं रहस्य निर्विवाद थोर आहे', आणि लगेच सहा छोट्या ओळी :

देहात प्रकट झाला,
आत्म्यात नीतिमान ठरला,
देवदूतांना दिसला,
राष्ट्रांत गाजवला गेला,
जगात विश्वासला गेला,
गौरवात वर घेतला गेला.

ग्रीकमध्ये सहाही क्रियापदं एकाच साच्याची, शेवट एकसारखा, त्यामुळे यमक आपोआप पडतं. पण या वाक्याला कर्ता कुठला? जुन्या प्रतींत आहे 'जो'. 'रहस्य' हा शब्द ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी आणि 'जो' पुल्लिंगी. व्याकरण जुळत नाही, कारण तुकडा दुसरीकडून उचलून आणलाय. तिथे त्याच्या आधी येशूचं नाव असणार. नंतरच्या प्रतींत 'जो'च्या जागी 'देव' झालं : 'देव देहात प्रकट झाला'. ग्रीकमध्ये 'जो' म्हणजे ΟΣ. लेखनिक 'देव' हा शब्द आखडून लिहीत, ΘΣ, वर आडवी रेघ. दोन अक्षरांत फरक एवढाच की एका गोलाच्या पोटात रेघ आहे आणि डोक्यावर रेघ आहे.

आता लंडनमधलं अलेक्झांड्रिनस हस्तलिखित. त्यात ΘΣ दिसतं असं म्हणत. अठराव्या शतकात बाझेलच्या योहान वेटश्टाइननं ते निरखलं आणि म्हणाला, पोटातली रेघ या पानावरची नाहीच, मागच्या बाजूच्या अक्षराची शाई चर्मपत्रातून पुढे उमटली आहे. डोक्यावरची रेघ नंतर कोणीतरी ओढलेली. असल्या निष्कर्षांमुळे १७३०मध्ये त्याला बाझेलमधलं चर्चचं पद गमवावं लागलं. सिनायटिकसमध्ये तर सरळ दिसतं : मूळ हातानं ΟΣ लिहिलंय, 'देव' करणारा दुरुस्तीचा हात पुष्कळ नंतरचा.


रेघोटी

पोथीवाचक, याचीच वाट बघत होते. 'जो'नं सुरुवात ही खूण एडुआर्ड नॉर्डेन यांनी १९१३च्या पुस्तकात धरली होती. फिलिप्पै २:६ 'जो'नं सुरू होतं, कलस्सै १:१५ 'जो'नं, तीमथ्यही 'जो'नं. मराठीत आणताना भाषांतरकार बिचारे 'तो' किंवा 'ख्रिस्त' घालतात आणि सांधा बुजून जातो.


आशिषवचन

करिंथ १५बद्दल स्पष्ट बोला ना. वधस्तंभानंतर दोनचार वर्षांत ही कबुली तयार होती. आख्यायिका बनायला पिढ्या लागतात. पाचशे जणांना एकदम दर्शन झालं, त्यातले बहुतेक अजून हयात आहेत असं पौल लिहितो. म्हणजे पुनरुत्थान ऐतिहासिकदृष्ट्या सिद्ध झालं. अभ्यासक एवढं मान्य करूनही शेवटचं पाऊल टाकायला का कचरतात?


मिरजेचा वाचक

साहेब, कबुली जुनी आहे यावरून कबुली जुनी आहे एवढंच सिद्ध होतं. लोक फार लवकर असं मानू लागले, हे पक्कं. त्यांनी काय पाहिलं हा वेगळा प्रश्न आणि तो शब्दांच्या वयावरून सुटत नाही. आख्यायिकेला पिढ्या लागतात हेही काही कायद्यात लिहिलेलं नाही; आपल्याकडे माणूस हयात असताना चमत्कार चिकटतात.

आणि पाचशे जणांची ओळ कबुलीतली आहे का, हेही बघा. 'त्यातले बहुतेक अजून आहेत, काही झोपी गेले' हे कोणी पाठ करायच्या मजकुरात घालणार नाही. ती पौलाची टीप आहे.


रेघोटी

आशिषवचन, तुमच्या श्रद्धेबद्दल इथे कोणी बोलत नाहीये. पण या मजकुरात काय नाही तेही नोंदवू. रिकामी कबर असा उल्लेख नाही, 'पुरला गेला' एवढंच आहे. शुभवर्तमानांत कबरेपाशी पहिल्या पोहोचतात त्या बाया. इथल्या यादीत एकही बाई नाही. त्याचं कारण काहीही असू शकेल. बायांची साक्ष वजनदार मानत नसत म्हणून गाळली असं काही म्हणतात, ती कथा वेगळ्या वाटेनं आली असंही काही म्हणतात. मला वाटतं, कबुलीचं काम पुरावा देण्याचं नव्हतंच. कोणाच्या साक्षीवर ही मंडळी उभी आहे ते सांगणं, हे तिचं काम. म्हणून केफा, बारा, याकोब. ही पुढाऱ्यांची यादी आहे.

कबुली मूळ कुठे संपते यावरही मतभेद आहेत. 'मग बारा जणांना' इथे थांबवणारे जास्त. पुढची याकोबाची ओळ केफाच्या ओळीसारखीच बांधलेली आहे, त्यामुळे ती वेगळ्या तुकड्यातली असावी असा एक तर्क आहे.


आशिषवचन

पुढाऱ्यांची यादी म्हणणं पटलं नाही, पण मुद्दा कळला. पाचशे जणांचं पुन्हा वाचतो.


वसईवाला

आमच्याकडे हे सगळं कानातलं आहे, फक्त असं कोणी उकलून सांगत नाही. झावळ्यांच्या रविवारी मिस्साला दुसरं वाचन फिलिप्पै २:६-११. धर्मगुरू आणि संन्यासिनी जी दैनंदिन प्रार्थना म्हणतात, तिच्यात शनिवारच्या संध्याकाळी हेच गीत दर आठवड्याला येतं आणि बुधवारी संध्याकाळी कलस्सैचं. लूकच्या शुभवर्तमानातली तीन गीतं तर रोजची : पहाटे जखऱ्याचं, संध्याकाळी मारियेचं, झोपण्यापूर्वी शिमोनाचं 'आता तुझ्या दासाला शांतीनं जाऊ दे'. दोन हजार वर्षांपूर्वीची गाणी परत गाणी झालीत म्हणा ना.

मारियेच्या गीताबद्दल विचारायचं होतं. तेही लूकनं कुठून घेतलंय?


रेघोटी

बहुतेक, पण इथे पुरावा पौलाइतका थेट नाही. हन्नाच्या गाण्याशी (पहिला शमुवेल, दुसरा अध्याय) त्याचं नातं उघड आहे : बलवानांची धनुष्यं मोडतात, भुकेले पोट भरून निघतात, दीन धुळीतून उचलला जातो. 'त्यानं अधिपतींना आसनांवरून खाली ओढलं, श्रीमंतांना रिकाम्या हातानं लावून दिलं' हे गर्भार मुलीच्या तोंडी जरा जड वाटतं. युद्ध जिंकल्यानंतरचं गाणं वाटतं. ४८वं वचन सोडलं तर प्रसंगाशी जोडणारा धागाही फारसा नाही. रेमंड ब्राउन या अभ्यासकांचं मत असं की ही गीतं ज्यू ख्रिस्ती गटातली, स्वतःला 'दीन' म्हणवणाऱ्यांची, आणि लूकनं ती पात्रांच्या तोंडी घातली. लूकनं सेप्टुअजिंटची (जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतराची) भाषा गिरवून स्वतः लिहिली असंही म्हणणारे आहेत. लूकला ती भाषा छान जमते, त्यामुळे मी इथे पैज लावणार नाही.


पोथीवाचक

यात एक गाठ आहे. जुन्या लॅटिन भाषांतराच्या काही प्रतींत लूक १:४६ला 'मारिया म्हणाली'ऐवजी 'अलिशिबा (मारियेची नातेवाईक, उतारवयात आई झालेली) म्हणाली' असं आहे. चौथ्या-पाचव्या शतकातला रेमेसियानाचा निकेता हा बिशपही ते गीत अलिशिबेचंच मानतो. 'त्यानं आपल्या दासीच्या दैन्याकडे पाहिलं' ही ओळ हन्नेसारख्या वांझ म्हणून हिणवल्या गेलेल्या बाईला शोभते, हे खरं. सगळ्या ग्रीक प्रती मारियेच्या बाजूनं आहेत, म्हणून निकाल तिकडेच जातो. पण गीताला मूळचा वक्ता नव्हता आणि तो नंतर चिकटवला गेला, या शंकेला असल्या प्रतींमुळे बळ मिळतं.


कडू कारलं

एवढ्या मोठ्या धाग्यात सांगायचं काय तर बायबलही उचलेगिरी. सगळेच धर्म सारखे. चालू द्या.


संपादक

कडू कारलं, धागा वाचून मुद्द्याचं लिहावं. अन्यथा प्रतिसाद उडवला जाईल.


शेवंती

उचलेगिरी म्हणायला लपवाछपवी लागते. इफिस ५:१४मध्ये सरळ लिहिलंय 'म्हणून म्हटलं आहे', आणि मग :

जागा हो, झोपलेल्या,
मेलेल्यांतून ऊठ,
ख्रिस्त तुझ्यावर प्रकाशेल.

'म्हणून म्हटलं आहे' हे सहसा जुन्या करारातलं वचन देताना येतं. पण जुन्या करारात या ओळी नाहीत. यशयातले काही शब्द जवळपास जातात, तेवढंच. म्हणजे लेखकानं मंडळीच्या गाण्याला शास्त्रवचनासारखा मान दिला. बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्यातून वर येणाऱ्याला उद्देशून हे म्हणत असावेत असा अंदाज आहे. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट दुसऱ्या शतकाच्या शेवटी हेच उद्धृत करतो आणि पुढे सूर्याबद्दलच्या आणखी ओळी देतो. त्या मूळच्या की नंतर जोडलेल्या, हा वाद वेगळा.

मला विचारायचंय ते चालीबद्दल. कशा म्हणत असतील?


पाटीवरचा कीर्तनकार

हो, चाल सांगा कोणीतरी. नाहीतर ही सगळी चर्चा स्वयंपाकघरात न शिरता पंगतीची.


पोथीवाचक

पहिल्या शतकातली चाल हाती नाही. जे आहे ते असं. बिथिनियाचा सुभेदार प्लिनी इ.स. ११२च्या सुमारास सम्राट त्रायानला लिहितो की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीनं 'कार्मेन' म्हणतात. माहिती काढायला त्यानं दोन गुलाम बायांचा छळ केला, मंडळीत त्यांना सेविकेचं पद होतं. आता 'कार्मेन' म्हणजे गाणंही आणि ठरावीक शब्दांचं पठणही. म्हणजे तिथेही स्तोत्र की कबुली हे कोडं सुटत नाहीच, पण दोन बाजूंनी आलटून पालटून म्हणत हे कळतं.

स्वरलिपीसकट मिळालेलं सगळ्यात जुनं ख्रिस्ती गीत इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस गावच्या उकिरड्यात सापडलं, तिसऱ्या शतकाच्या शेवटाचं. १९२२मध्ये छापलं गेलं, पपायरस क्रमांक १७८६. ग्रीक शब्दांवर ग्रीक स्वरचिन्हं आहेत. शेवटच्या काही ओळीच उरल्यात : तारे, वारे, नद्या गप्प राहोत, आम्ही पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं स्तवन करतो, आमेन. कागद कुठला वापरला? धान्याच्या हिशेबाचा, त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलंय.


शेवंती

पाठकोऱ्या कागदावर! आमच्या मंडळीतल्या गायनमंडळाची वहीसुद्धा अशीच असते.

जाता जाता, चालीवरून आठवलं. रेव्हरंड टिळकांनी (ना. वा. टिळक, १८६१-१९१९) मराठी मंडळ्यांना अभंग आणि भजनं दिली तोवर उपासनेत बरंचसं इंग्रजी चालींवर बेतलेलं असायचं. त्याआधी फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापलं गेलं, तेही ओवीत. आपल्या छंदात म्हटलं की लोकांच्या तोंडी बसतं, एवढंच.


मिरजेचा वाचक

मूळ विषयाकडे. रेघोटीताई, हे तुकडे एकमेकांशी जुळतात का? सगळ्यांनी एकच शिकवण पाठ केली असेल तर एकच गोष्ट दिसायला हवी.


रेघोटी

जुळत नाहीत, आणि या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त रस यातच आहे.

रोम १:३-४ घ्या. देहानं दाविदाच्या वंशात जन्मला, मेलेल्यांतून उठल्यामुळे पवित्रतेच्या आत्म्यानुसार सामर्थ्यानं देवाचा पुत्र ठरवला गेला. रोमच्या मंडळीला पौल तोवर भेटलेलाच नव्हता. पत्राच्या तोंडाशी दोघांनाही मान्य असलेलं सूत्र घालून तो ओळख करून देतोय, असं वाचलं तर नीट बसतं. 'पवित्रतेचा आत्मा' ही हिब्रू धाटणी त्याच्याकडे दुसरीकडे नाही आणि दाविदाचा वंश हा त्याचा आवडता विषय नाही. आता अर्थ बघा : इथे येशू पुनरुत्थानाच्या वेळी पुत्र 'ठरवला' जातो. 'सामर्थ्यानं' हा शब्द पौलानं मध्ये घातला असावा असं अनेकांना वाटतं, म्हणजे आधी पुत्र नव्हता असा अर्थ निघू नये.

फिलिप्पैमध्ये मात्र तो जन्माआधीपासून देवाच्या रूपात आहे, खाली उतरतो, मग वर जातो. कलस्सैमध्ये त्याहून पुढे : अदृश्य देवाची प्रतिमा, सगळ्या सृष्टीच्या आधी जन्मलेला, त्याच्यातून सगळं घडलं, त्याच्यात सगळं टिकून आहे. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायातली शहाणीव, जी सृष्टीच्या वेळी देवापाशी होती, तिची भाषा इथे ख्रिस्ताला लावली आहे. आणि तिथेही एक शिवण दिसते. 'तो शरीराचं मस्तक आहे' इथे शरीर म्हणजे अखिल विश्व असं मूळ गीतात असावं, कारण आधी सगळं विश्वाबद्दलच चाललंय. मग अचानक 'म्हणजे मंडळीचं' येतं. विश्व आकसून मंडळी होते. पत्रलेखकाची ती दुरुस्ती, असा अभ्यासकांचा कयास.

म्हणजे मंडळीच्या पहिल्याच पिढ्यांत येशू कोण याची उत्तरं एकापेक्षा जास्त होती आणि ती शेजारी शेजारी गायली जात होती. पुत्राच्या देवत्वावर निवाडा देणारी नायसियाची परिषद ३२५ सालची. तिथे जे वाद झाले त्यांची बीजं या ओळींत आहेत. पुत्र हा देवानं निर्माण केलेला आहे असं म्हणणाऱ्या एरियसच्या बाजूचे 'सृष्टीच्या आधी जन्मलेला'वर बोट ठेवायचे, समोरचे 'देवाच्या रूपात'वर.

आणखी एक. फिलिप्पैची शेवटची ओळ, प्रत्येक गुडघा आणि प्रत्येक जीभ, ती यशया ४५:२३मधली आहे. तिथे बोलणारा यहोवा आहे आणि तो म्हणतोय की माझ्याशिवाय दुसरा देव नाही, माझ्यापुढेच गुडघे टेकतील. एकच देव इतक्या ठासून सांगणारा दुसरा अध्याय शोधायला कष्ट पडतील. नेमका तोच उचलून येशूला लावलाय. लेखक ज्यू आहे आणि आपण काय करतोय हे त्याला नीट माहीत आहे. करिंथच्या पहिल्या पत्रात ८:६मध्येही असंच : 'हे इस्राएला ऐक, परमेश्वर आपला देव एकच आहे' हा ज्यूंचा रोजचा पाठ, त्याचे दोन भाग करून 'एकच देव, पिता' आणि 'एकच प्रभू, येशू ख्रिस्त' असे वाटलेत.


आशिषवचन

हे पटलं. म्हणजे येशूचं देवत्व नायसियात बहुमतानं ठरवलं, हे जे सतत ऐकवतात ते या ओळींपुढे टिकत नाही.


मिरजेचा वाचक

टिकत नाही, मान्य. पण 'ठरवला गेला' ही रोमची ओळही तितकीच जुनी आहे, तीही सोबत ठेवा.


नवशिकी

मी पूर्ण नवीन. यातलं सगळ्यात कमी वादाचं कुठलं, तिथून सुरुवात करते.


रेघोटी

करिंथ १५:३-५, डोळे मिटून. मग इफिस ५:१४, कारण लेखक स्वतःच 'म्हटलं आहे' म्हणतो. त्यानंतर तीमथ्य ३:१६ आणि रोम १:३-४. फिलिप्पै आणि कलस्सै बहुमतात, पण भांडण चालू. लूकची गीतं शेवटी. आणि एक शब्द विसरू नका : करिंथच्या पहिल्या पत्राच्या अखेरीस पौल ग्रीकमध्ये लिहिता लिहिता एकदम अरामी बोलतो, 'मारानाथा', आमच्या प्रभू, ये. करिंथच्या ग्रीक भाषकांना भाषांतर न देता. म्हणजे त्यांना तो शब्द पाठ होता, पॅलेस्टाइनमधल्या उपासनेतून थेट आलेला. 'दिदाखे' या जुन्या पुस्तकात तो प्रभुभोजनाच्या प्रार्थनेच्या शेवटी येतो.


पोथीवाचक

नवशिकीसाठी उलट्या दिशेचंही एक उदाहरण. आतापर्यंत आपण लेखकानं आत घेतलेल्या कबुल्या बघितल्या. प्रेषितांची कृत्ये ८:३७ ही लेखकानंतर आत शिरलेली. कूशी षंढ फिलिप्पाला विचारतो, इथे पाणी आहे, माझा बाप्तिस्मा व्हायला काय हरकत? जुन्या महत्त्वाच्या प्रतींत लगेच दोघं पाण्यात उतरतात. काही प्रतींत मध्ये एक संवाद आहे : मनापासून विश्वास असेल तर हरकत नाही, येशू ख्रिस्त देवाचा पुत्र आहे असा माझा विश्वास आहे. बिशप इरेनेयसला दुसऱ्या शतकाच्या शेवटी ते ठाऊक होतं, म्हणजे भर जुनीच. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरास्मसला ते ग्रीक प्रतीच्या समासात मिळालं आणि त्यानं छापील आवृत्तीत घेतलं. आजच्या बऱ्याच आवृत्त्यांत ३६ नंतर एकदम ३८ येतं आणि ३७ तळटीपेत जातं.


रेघोटी

आणि तो संवाद कुठून आला असेल ते उघड आहे. बाप्तिस्मा घेणाऱ्याला पाण्यात उतरण्याआधी विचारायचा प्रश्न आणि त्यानं द्यायचं उत्तर. मंडळीत रोज जे म्हणत होते तेच एखाद्या लेखनिकानं गोष्टीत घातलं, कारण उत्तर घेतल्याशिवाय बाप्तिस्मा देणं त्याला बरोबर वाटेना.